बाराच्या आत खाली

सबमिशनच्या आदल्या रात्री दोनपर्यंत जागणं आपल्याला नवीन नाही. पण रात्री दोनला उठणं ही अगदी वेगळी गोष्ट आहे, हे मला दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपल्यावर कळलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही नऊ जण हिमाचलमध्ये ट्रेकला गेलो होतो. खाली मनालीत कडक ऊन, पण उंचावर वसंत उशिरा येतो आणि हिवाळ्यात साचलेला बर्फ तेव्हा कुठे वितळायला लागलेला असतो. शेवटच्या दिवशी साधारण चार हजार दोनशे मीटरवरची एक खिंड ओलांडायची होती आणि खिंडीखाली बर्फाचा लांबलचक, चांगलाच तीव्र उतार होता. आमच्याबरोबर एक वयस्कर वाटाडे होते. त्यांना सगळेच ‘उस्ताद’ म्हणायचे. आदल्या संध्याकाळी त्यांनी एकच नियम सांगितला, “बारह बजे से पहले सब नीचे.”

तीनला निघालो. आकाश ढगाळ होतं, त्यामुळे थंडी फारशी नव्हती. मी तर खूष होतो. उतारावर चढायला लागलो तेव्हा पाय आधी घोट्यापर्यंत आणि मग पोटरीपर्यंत आत जायला लागला. उस्तादांनी आइस ॲक्सचा दांडा बर्फात दाबला, तो मुठीपर्यंत आत गेला. ते थांबले, आकाशाकडे बघितलं आणि म्हणाले, “वापस.”

तेव्हा पावणेपाच वाजले होते. सूर्यसुद्धा उगवला नव्हता! आम्ही हुज्जत घातली, बारा वाजायला सात तास आहेत म्हणून सांगितलं. त्यांचं उत्तर एवढंच होतं, “रात को बर्फ जमी ही नहीं.”

परत आलो. कॅम्पवरून तो उतार पूर्ण दिसत होता. मी हट्टाने दिवसभर त्याच्याकडे बघत बसलो. दहाच्या सुमारास ढग गेले, दुपारी चांगलं ऊन पडलं, संध्याकाळ झाली. काहीही झालं नाही. बर्फाचं एक ढेकूळसुद्धा खाली आलं नाही. आम्ही आलो त्या वाटेने परतलो, आणि रागाच्या भरात उस्तादांना बक्षिसीसुद्धा दिली नाही. होस्टेलवर येऊन मी सगळ्यांना सांगत सुटलो, की वाटाड्याने उगाच घाबरवून खिंड घालवली.

तिसऱ्या वर्षी सेमिनारला विषय निवडायचा होता. मी हाच निवडला, ओल्या बर्फाचं हिमस्खलन. खरं सांगतो, उस्ताद कसे चुकले हे सिद्ध करायचं डोक्यात होतं. झालं उलटंच. ते कसं, हे सांगण्यासाठी हा लेख.

राजगिऱ्याचा लाडू

बर्फाचा थर म्हणजे काही बर्फाची लादी नव्हे. तो बर्फाचे कण आणि त्यांच्यामधली हवा यांचं मिश्रण आहे. ताज्या कोरड्या बर्फाची घनता प्रति घनमीटर ५० ते १०० किलो, काही आठवडे दबून बसलेल्याची २०० ते ३००, आणि वसंतातल्या ओल्या बर्फाची साधारण ३५० ते ५०० असते. शुद्ध बर्फाची घनता ९१७. म्हणजे वसंतातल्या थरातही निम्मी जागा पोकळच असते.

मग हा थर चाळीस अंशांच्या उतारावर टिकतो कसा? राजगिऱ्याचा लाडू डोळ्यांसमोर आणा. दाणे एकमेकांना फक्त जिथे टेकतात तिथेच गुळाने चिकटलेले असतात. बर्फाचे कणसुद्धा जिथे टेकतात तिथे बर्फाच्याच बारीक मानेने जोडलेले असतात. थराची सगळी ताकद या मानांमध्ये असते. पावसाळ्यात डबा उघडा राहिला की लाडू ढासळतो तो दाणे खराब झाल्यामुळे नाही, जोडणी मऊ पडल्यामुळे. बर्फाचंही तसंच आहे.

गंमत अशी की थोडं पाणी बर्फाला मजबूत करतं. कोरड्या भुसभुशीत बर्फाचा गोळा वळत नाही, किंचित ओलसर बर्फाचा झकास वळतो. चौपाटीवरच्या वाळूच्या किल्ल्याला जे लागू, तेच इथे. पाणी कणांच्या सांध्यांशी अडकून राहतं आणि केशाकर्षणाने त्यांना ओढून धरतं. आकारमानाच्या ३ टक्क्यांपर्यंत पाणी असेल तर बर्फाला ‘ओलसर’ म्हणतात, ३ ते ८ टक्के म्हणजे ‘ओला’, ८ ते १५ म्हणजे ‘फार ओला’ आणि त्यापुढे निव्वळ चिखल. आठ टक्क्यांच्या आसपास सांध्यांवरचे सुटे थेंब एकमेकांना मिळतात आणि पाण्याची सलग जाळी तयार होते. मग केशाकर्षणाची ओढ संपते, सांध्यांवरचा बर्फ विरघळायला लागतो आणि मोठे कण लहान कणांना गिळत वाढतात. लाडूतला गूळ निघून जातो, उरतात सुटे दाणे.

हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. हातमोज्यात बर्फ घेऊन दाबा. गोळा वळला पण पाणी दिसलं नाही तर ओलसर. भिंगातून कणांमध्ये पाणी दिसतं पण दाबून निघत नाही, तर ओला. दाबल्यावर बोटांतून पाणी गळलं, तर फार ओला. उस्तादांनी हे न दाबताच, नुसत्या दांड्यावरून ओळखलं होतं.

नऊ लिटरचा हिशेब

मला वाटायचं की मीटरभर जाडीचा थंड थर उन्हाने गरम व्हायला आठवडे लागत असतील. आकडे मांडल्यावर धक्का बसला.

समजा थर १ मीटर जाड, घनता ३००, सरासरी तापमान उणे ५ अंश. बर्फाची विशिष्ट उष्णता प्रति किलो प्रति अंश २.१ किलोज्यूल. म्हणजे एक चौरस मीटरचा थर शून्य अंशाला आणायला ३०० × २.१ × ५ = ३१५० किलोज्यूल लागतील. आता, पाणी गोठताना प्रति किलो ३३४ किलोज्यूल उष्णता बाहेर टाकतं. ३१५० भागिले ३३४ म्हणजे साडेनऊपेक्षा थोडं कमीच. याचा अर्थ, पृष्ठभागावर वितळलेलं जेमतेम नऊ-साडेनऊ लिटर पाणी खाली झिरपून गोठलं, की सगळा थर शून्यावर आला!

हे पाणी तयार व्हायला किती वेळ लागतो? ताजा पांढराशुभ्र बर्फ ८० ते ९० टक्के ऊन परत फेकतो, पण जुना, ओला, धूळ बसलेला बर्फ ५० ते ६० टक्केच. सगळी वजाबाकी करून दर चौरस मीटरला २०० वॅट उरतात असं धरलं, तर साडेचार तास पुरतात. म्हणजे एक सकाळ.

एकदा सगळा थर शून्यावर आला, की त्यानंतर वितळलेला प्रत्येक थेंब वाटेत गोठत नाही, थेट खाली जातो. उतार बदलतो तो इथे. हिवाळाभर टिकलेला थर वसंतातल्या पहिल्या उबदार दिवसांत धोकादायक होतो, त्याचं कारण हे.

पाणी अडतं कुठे?

बर्फ थराथरांनी पडतो. वरचा थर बारीक कणांचा आणि खालचा भरड असेल, तर पाणी सीमेवर अडतं. बारीक थरातलं केशाकर्षण त्याला सोडत नाही. मध्ये जुन्या उन्हाने तयार झालेली बर्फाची कडक पापडी असेल तर तिच्यावर पाणी पसरतं. थेट खडकावर किंवा झोपलेल्या गवतावर पोचलं तर तिथे वंगणाचं काम करतं आणि अख्खा थर जमिनीवरून सरकायला लागतो. अशा वेळी वर कमानीसारखी भेग पडलेली दिसते. भेग पडल्यावर थर तासाभरात येईल की आठवड्याने, हे कुणालाच सांगता येत नाही, म्हणून तिच्याखाली थांबायचं नाही.

सगळ्यात वाईट वेळ म्हणजे कमजोर थर पहिल्यांदा भिजतो ती. पुढे पाण्याचे मार्ग तयार होतात आणि निचरा सुधारतो.

ओल्या बर्फाचं स्खलन मुख्यतः दोन प्रकारचं. एकात खडकाजवळ एका बिंदूपासून सुटा बर्फ निघतो आणि उलट्या ‘व्ही’सारखा पसरत खाली येतो. दुसऱ्यात अख्खी लादी एकदम तुटते. दोन्हींसाठी ३० ते ४५ अंशांचे उतार सर्वांत घातक. त्याहून उभ्या कड्यांवर बर्फ साचतच नाही, आणि सपाटीवर सहसा निघत नाही.

वजन वाढतं की ताकद घटते?

सेमिनारच्या वेळी सरांनी मला हाच प्रश्न विचारला. मी छातीठोकपणे म्हणालो, “सर, पाण्याचं वजन वाढतं म्हणून थर घसरतो.” सर म्हणाले, “मग आकडा काढ की.” काढला.

३८ अंशांचा उतार, उताराला काटकोनात मोजलेला १ मीटर जाडीचा थर, घनता ३००. उताराच्या दिशेने खेचणारा ताण ३०० × ९.८१ × साइन ३८, म्हणजे सुमारे १.८ किलोपास्कल. कमजोर थराची शिअर स्ट्रेंग्थ २.७ किलोपास्कल आहे असं धरू. फॅक्टर ऑफ सेफ्टी १.५. ठीकठाक. आता थरात २० लिटर पाणी मुरलं. ताण झाला सुमारे १.९३. केवळ वजनच वाढलं असतं तर फॅक्टर १.४ वर आला असता, म्हणजे काळजीचं कारण नाही. पण त्याच पाण्याने कमजोर थराचे सांधे विरघळून ताकद निम्मी केली, तर फॅक्टर ०.७. उतार गेला!

वजन सात टक्क्यांनी वाढलं, ताकद पन्नास टक्क्यांनी घटली. हे निम्म्याचं गृहीतक माझं आहे, प्रत्यक्षात तुटणं एका कमजोर जागेपासून सुरू होऊन पसरतं, पण मुद्दा बदलत नाही. पाणी मारतं ते वजनाने नव्हे, जोडणी तोडून.

इथे सॉइल मेकॅनिक्सवाल्यांना टेरझागी आठवेल. २०१४ साली माळीणला आणि २०२३ साली इर्शाळवाडीला मुसळधार पावसात डोंगर खाली आला, तिथेही पाण्याचाच हात होता. पण एक फरक लक्षात ठेवा. मातीत पाण्याचा दाब कणांना एकमेकांपासून उचलतो, कण मात्र तेच राहतात. बर्फात कणांची जोडणीच पाणी होऊन जाते. म्हणून मातीची सूत्रं बर्फाला जशीच्या तशी लावता येत नाहीत.

ढगाळ रात्र

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे. सूर्य उगवायच्या आतच उस्ताद का फिरले?

दिवसा वितळलेला बर्फ रात्री परत गोठायला हवा. तो गोठतो मुख्यतः आकाशाकडे उष्णता फेकून. शून्य अंशाला असलेला बर्फ दर चौरस मीटरला सुमारे ३१५ वॅट अवरक्त किरणांच्या रूपात बाहेर टाकतो. निरभ्र, कोरडं आकाश त्यातलं बरंच कमी परत देतं. निव्वळ तोटा ९० वॅट धरला तर नऊ तासांच्या रात्रीत जवळजवळ पावणेनऊ लिटर पाणी गोठतं. बर्फात ५ टक्के पाणी असेल तर त्यातून १७ सेंटिमीटरची कडक पापडी तयार होते. माणूस त्यावरून बुटाचा ठसाही न उमटवता जातो, आणि ही पापडी खालच्या ओल्या थराला बांधून ठेवते. म्हणूनच हवा शून्याच्या किंचित वर असली तरी निरभ्र रात्री बर्फ गोठू शकतो.

ढग आले की ते गोधडीचं काम करतात. बर्फाने टाकलेली उष्णता जवळपास तेवढीच परत येते. पापडी तयारच होत नाही. कालच्या दुपारी थर ज्या अवस्थेत होता त्याच अवस्थेत आजची सकाळ सुरू होते. कालची बाकी आजच्या खात्यावर चढते, आणि मग ऊन.

म्हणजे ‘बाराच्या आत खाली’ हा नियम निरभ्र रात्रीसाठी आहे. रात्री पापडी जमली तर ती वितळेपर्यंतची वेळ आपली. जमलीच नाही, तर आपल्याला वेळ मिळालेलाच नसतो. मी ज्या उबदार रात्रीवर खूष होतो, तिनेच आमची खिंड घालवली होती.

सावकाश पण जड

कोरड्या बर्फाचा लोट सेकंदाला ५० ते ७० मीटर वेगाने येतो. ओला येतो १० ते २० मीटर वेगाने. मग घाबरायचं कशाला? पुन्हा गणित करा. भुकटीच्या ढगाची घनता ५ आणि वेग ६० धरला तर अर्धा गुणिले घनता गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे ९ किलोपास्कल दाब. ओल्या लोटाची घनता ४०० आणि वेग १५ धरला तर ४५ किलोपास्कल. दर चौरस मीटरला साडेचार टन! स्वित्झर्लंडमधल्या व्हॅली द ला सिओन इथल्या मोजमापांत तर असं दिसलं, की संथ ओला लोट या साध्या सूत्रापेक्षाही जास्त दाब देतो.

थांबल्यावर तो काँक्रीटसारखा बसतो. त्यात गाडलेल्या माणसाला स्वतःहून बोटसुद्धा हलवता येत नाही. वाचण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच काय ती मोठी, पुढे ती झपाट्याने घसरते. तेवढ्यात बाहेरून मदत येत नाही. शोधणारे आपले सोबतीच असतात.

वेलिंग्टन, १९१०

ही चूक एखाद्या ट्रेकरचीच असते असं नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या कॅस्केड डोंगरांत फेब्रुवारी १९१० च्या शेवटच्या आठवड्यात ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या दोन गाड्या, एक प्रवासी आणि एक टपालाची, वेलिंग्टन नावाच्या छोट्या स्टेशनाजवळ अडकल्या. पुढचा रूळ हिमस्खलनांनी बंद होता. गाड्या उभ्या होत्या त्याच्या वरच्या उतारावरची झाडं आधीच्या वणव्यात जळून गेली होती. काही प्रवाशांनी गाड्या जवळच्या बोगद्यात न्या म्हणून आग्रह धरला. पण बोगद्यात धूर कोंडेल म्हणून त्या होत्या तिथेच ठेवल्या. आणि उतार इतके दिवस टिकलाच होता की.

मग हवा बदलली. बर्फाचा पाऊस झाला, उबदार वारा सुटला, विजा कडाडल्या. १ मार्चला मध्यरात्री एकनंतर उतार सुटला आणि दोन्ही गाड्या खाली टाय नदीच्या घळीत फेकल्या गेल्या. ९६ माणसं गेली. इथे उन्हाची जागा पावसाने घेतली होती, बाकी यंत्रणा तीच.

पुढे रेल्वेने तिथे रुळांवर काँक्रीटचं छप्पर बांधलं आणि १९२९ मध्ये खालच्या पातळीवर साडेबारा किलोमीटरचा नवा बोगदा सुरू केला. उताराशी भांडण्याऐवजी त्याच्या खालून जाणं. आपल्याकडे ३ ऑक्टोबर २०२० रोजी उघडलेल्या अटल बोगद्यानेही तेच केलं आणि हिवाळ्यात बंद पडणाऱ्या रोहतांग खिंडीला वळसा दिला. हिमस्खलनाचा अभ्यास करणारी आपली संस्था मनालीला १९६९ मध्ये सुरू झाली. २०२० मध्ये ती डीआरडीओच्या दुसऱ्या प्रयोगशाळेत विलीन होऊन डीजीआरई झाली. हिमालयासाठी हिमस्खलनाचे इशारे तीच देते. ट्रेकला जाण्यापूर्वी ते बघायला पैसे पडत नाहीत.

जाणाऱ्यांसाठी

आपल्या कॉलेजमधून दरवर्षी कुणी ना कुणी हिमालयात जातंच. त्यांनी एवढं लक्षात ठेवावं. रात्री आकाश कसं होतं ते बघा. पहाटे पाय किती आत जातो ते बघा. घोट्याच्या वर गेला तर तीव्र उतारावर जाऊ नका. पूर्वेकडचे उतार सकाळीच तापतात, मग दक्षिणेकडचे, पश्चिमेकडचे दुपारनंतर. त्याप्रमाणे वाट ठरवा. उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप गडगडत यायला लागले, खडकांभोवती छोटी स्खलनं दिसली, किंवा बर्फावर पाऊस पडला, तर समजा वेळ संपली. धोक्याचा पट्टा एकेकाने ओलांडा. आणि फोटोसाठी उताराखाली थांबू नका.

राहिला माझा मुद्दा. त्या दिवशी उतार आला नाही, मग उस्ताद बरोबर कसे? वेलिंग्टनचा उतारही आधीचे सगळे दिवस आला नव्हता. फॅक्टर ऑफ सेफ्टी १.०२ असलेला उतार आणि २ असलेला उतार तंबूतून बघताना अगदी सारखेच दिसतात. काही घडलं नाही, एवढ्यावरून निर्णय चुकीचा ठरत नाही. तसं असतं तर न पडलेल्या प्रत्येक पुलाचं डिझाइन बरोबर म्हणावं लागेल.

या जूनमध्ये आम्ही परत तिथेच जातोय. नऊपैकी सहा जण तयार आहेत. खिंड होईल की नाही ते तिथली रात्र ठरवेल. पण उस्तादांची बक्षिसी राहिली आहे, ती द्यायची आहे. आणि या वेळी ते “वापस” म्हणाले, तर मी सगळ्यांच्या आधी वळणार आहे.